स्वतंत्र गीतकार-गायकाची प्रसिद्धी

स्वतःची गीते स्वतः रचून, स्वतः चाल लावून आणि स्वतः गाऊन कोणत्याही मोठ्या संगीत कंपनीच्या आधाराविना श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्या कलावंतास स्वतंत्र गीतकार-गायक असे म्हणतात. अशा कलावंताने आपले नाव व आपली रचना लोकांसमोर आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नांचा विचार या लेखात केला आहे. इंग्रजी संगीतविश्वात या प्रकाराची चर्चा प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुरू होत असली, तरी महाराष्ट्रात ‘रचणारा तोच गाणारा’ ही परंपरा संतकाव्य, शाहिरी आणि जलसा यांमधून कित्येक शतके चालत आलेली आहे. मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा या परंपरेच्या एका आरंभबिंदूशी जोडलेला आहे, कारण संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नर्सी हे गाव याच जिल्ह्यात आहे.

या परंपरेत एक अडचण वारंवार आढळते. गाणे दूरवर पोहोचते, पण त्यासोबत रचणाऱ्याचे नाव पोहोचतेच असे नाही. त्यामुळे प्रसिद्धी म्हणजे केवळ गाण्याचा गाजावाजा नसून गाणे आणि नाव एकमेकांना बांधून ठेवण्याची खटपट होय, असे मराठी परंपरेच्या संदर्भात म्हणावे लागते.

नाममुद्रा

छपाईपूर्व काळात कवीचे नाव टिकवण्याचे साधन म्हणजे नाममुद्रा. रचनेच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. शाहिरी परंपरेत यास ‘छाप’ असेही म्हणतात. गीत कोणीही, कोठेही गायले तरी गाणाऱ्याच्या तोंडून कर्त्याचे नाव उच्चारले जाते, हा या युक्तीचा फायदा. चरणाच्या मात्रांत आणि यमकात नाव बसवलेले असल्यामुळे ते सहजी गाळता येत नाही.

संत नामदेव (परंपरेनुसार १२७०–१३५०) यांचे अभंग ‘नामा’ या मुद्रेने ओळखले जातात. त्यांचे जन्मस्थान नर्सी की पंढरपूर याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, मात्र हिंगोली तालुक्यातील नर्सी आज ‘नर्सी नामदेव’ याच नावाने ओळखली जाते. त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्याशी निगडित असलेले औंढा नागनाथ हेही याच जिल्ह्यात आहे. वारकरी परंपरा नामदेवांना कीर्तनाचे आद्य प्रवर्तक मानते. त्यांची पदे ग्रंथांपेक्षा गायनातून पसरली आणि पंजाबपर्यंत गेली. शीख धर्मीयांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. जनाबाईंनी आपल्या मुद्रेत स्वतःच्या नावासोबत नामदेवांशी असलेले नातेही नोंदवले. एका अर्थी ज्ञात नावाच्या आधाराने आपले नाव रुजवण्याचे हे जुने उदाहरण होय.

नाममुद्रेस मर्यादाही होती. नाव प्रसिद्ध झाले की इतरही ते वापरतात. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा आणि नामदेव यांच्या रचनांची सरमिसळ झाल्याने कोणती रचना कोणाची हा प्रश्न संशोधकांना आजही पडतो. म्हणजे मुद्रा गाण्याला नाव देते, पण त्या नावाचा मालक कोण हे सिद्ध करू शकत नाही.

पेशवाईच्या उत्तरकाळातील राम जोशी, अनंत फंदी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांनीही हीच पद्धत चालवली. होनाजी बाळा हे तर जोडनाव आहे. होनाजी रचत आणि बाळा गात, म्हणून फडाचे नाव दोघांचे झाले. गीतकार आणि गायक या दोघांनाही समान श्रेय देणारी ही व्यवस्था नंतरच्या संगीतव्यवसायात फारशी टिकली नाही.

जलसा आणि गायन पार्टी

विसाव्या शतकात सत्यशोधक जलसे आणि त्यांच्या पाठोपाठ आंबेडकरी जलसे यांनी गीतकार-गायकाला नवे व्यासपीठ दिले. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांचा जलसा १९३० च्या दशकात गावोगाव फिरला. पुढे जलशाची जागा हार्मोनियम, ढोलकी आणि कोरस असलेल्या ‘गायन पार्टी’ने घेतली. कार्यक्रम ठरवताना दिला जाणारा इसार म्हणजे सुपारी, कार्यक्रमानंतरचा मोबदला म्हणजे बिदागी आणि श्रोत्यांनी खूश होऊन दिलेले पैसे म्हणजे बक्षिसी, अशी या क्षेत्राची रूढ परिभाषा आहे. एका गावातील कार्यक्रम हीच पुढच्या गावाची जाहिरात असे.

या परंपरेतील सर्वाधिक ख्यातकीर्त नाव वामनदादा कर्डक (१५ ऑगस्ट १९२२ – १५ मे २००४) यांचे होय. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या वामनदादांना लहानपणी शाळा लाभली नाही. मुंबईत आल्यावर त्यांनी अक्षरओळख करून घेतली. त्यांनी गीते रचली, गायली आणि अनेक गायकांना दिली. ‘सांगते ऐका’ (१९५९) या चित्रपटातही त्यांचे गीत आहे. कोठेही स्थिर कार्यालय, व्यवस्थापक वा कंपनी नसताना त्यांनी महाराष्ट्रभर भ्रमंती करून आपला श्रोता मिळवला. गीताच्या अखेरीस ‘वामन’ हे नाव गुंफण्याची जुनी रीत त्यांनी जपली. त्यामुळे त्यांची गाणी इतरांनी गायली तरी नावाची खूण शिल्लक राहिली. ‘वाटचाल’ व ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे गीतसंग्रह प्रसिद्ध आहेत. यांपैकी दुसऱ्या संग्रहाचे शीर्षकच एक प्रकारची नाममुद्रा आहे.

जलसा व गायन पार्टीतील अनेक गीते लोकप्रिय चित्रपटगीतांच्या किंवा लावणीच्या चालीवर रचली जात. ओळखीच्या चालीमुळे नवा आशय श्रोत्याच्या ध्यानात लवकर राहतो, हे त्यामागील कारण. प्रसाराच्या दृष्टीने ही पद्धत अत्यंत परिणामकारक ठरली. आंतरजालाच्या काळात मात्र हीच पद्धत अडचणीची झाली आहे.

पुस्तिका आणि कॅसेट

स्वतःच्या गीतांची छोटी पुस्तिका छापून ती कार्यक्रमाच्या ठिकाणी विकणे हा स्वप्रसिद्धीचा जुना आणि स्वस्त मार्ग होता. मुंबईतील चैत्यभूमी (६ डिसेंबर), नागपूरची दीक्षाभूमी आणि भीमा कोरेगाव (१ जानेवारी) येथील पुस्तकांच्या दुकानांत अशा गीतपुस्तिका दीर्घकाळ विकल्या गेल्या आहेत. पुस्तिका विकत घेणारा बहुधा स्वतःही गाणारा असे. गावाकडे परतल्यावर तो ती गाणी गाई आणि अशा रीतीने पुस्तिकेच्या एका प्रतीतून गाणे गावभर होई.

१९८० च्या दशकात स्वस्त ध्वनिफितींनी चित्र पालटले. अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रकाशित ग्रंथात उत्तर भारतातील या कॅसेट-संस्कृतीचा सविस्तर अभ्यास केला आहे. कमी भांडवलात निघणाऱ्या ध्वनिफितींमुळे प्रादेशिक बोली, भक्तिगीते आणि लोकगीते यांना प्रथमच बाजारपेठ मिळाली, हा त्यांचा निष्कर्ष महाराष्ट्रासही लागू पडतो. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज घराघरांत गेला तो याच काळात. परंतु ध्वनिफितीच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र मोठे आणि गीतकाराचे नाव बारीक अक्षरांत, अशी स्थिती सर्रास होती. नकली ध्वनिफितींवर तर तेही नसे. एकरकमी मानधन घेऊन सर्व हक्क लिहून देण्याची प्रथाही रूढ झाली. त्याची झळ मुख्यतः रचनाकारांना बसली.

आंतरजालावरील प्रसार

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइल डेटाचे दर झपाट्याने उतरले आणि ग्रामीण भागातही चित्रफिती पाहणे नित्याचे झाले. छत्रपती संभाजीनगर येथील कडूबाई खरात यांचे एकतारीवरील गायन लोकांनी मोबाइलवर टिपलेल्या आणि एकमेकांना पाठवलेल्या चित्रफितींतून महाराष्ट्रभर पोहोचले. अमरावतीचे सौरभ अभ्यंकर ‘१०० आरबीएच’ या नावाने वऱ्हाडी बोलीत रॅप करतात. दूरचित्रवाणीवरील ‘एमटीव्ही हसल’ या स्पर्धेतून ते सर्वत्र परिचित झाले. रॅपमध्ये कलावंत स्वतःचे नाव गाण्यातच उच्चारतो. ही प्रथा अमेरिकेतून आली असली, तरी शाहिरी छापेच्या श्रोत्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

ध्वनिमुद्रित गीत स्पॉटिफाय, जिओसावन आदी मंचांवर कलावंताला सहसा थेट चढवता येत नाही. त्यासाठी डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर यांसारख्या वितरक सेवांची मदत घ्यावी लागते. प्रत्येक ध्वनिमुद्रणास आयएसआरसी हा १२ अक्षरांकांचा आंतरराष्ट्रीय संकेतांक दिला जातो. वितरकाच्या अर्जात गायक, गीतकार, संगीतकार आणि हक्कधारक यांची नावे भरायची असतात. ती रिकामी सोडणे किंवा प्रत्येक वेळी वेगळ्या वर्णलेखनाने लिहिणे ही नवोदितांची नेहमीची चूक होय. एकाच कलावंताची गाणी त्यामुळे दोन-तीन वेगवेगळ्या नावांखाली विखुरतात. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्याबाबत दोन कवी एका नावाखाली आले, येथे एकच कवी अनेक नावांखाली जातो.

या मंचांवरून मिळणारे उत्पन्न आरंभी नगण्य असते. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० वर्गणीदार आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याची नोंद, अथवा ९० दिवसांत लघुचित्रफितींना १ कोटी दर्शने, अशी अट आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्यास ध्वनिमुद्रणाचे मानधन देणे बंद केले आहे. म्हणून बहुतेक कलावंतांच्या दृष्टीने चित्रफीत हे उत्पन्नाचे साधन नसून सुपारी मिळवण्याचे साधन आहे. जुन्या गायन पार्टीच्या काळातील अर्थव्यवहार येथे फारसा बदललेला नाही.

यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा हक्कधारकांनी नोंदवलेल्या ध्वनिमुद्रणांशी नव्या चित्रफिती ताडून पाहते. चित्रपटगीताच्या चालीवर वा तयार संगीतपट्टीवर नवे शब्द गाणाऱ्या कलावंताच्या चित्रफितीवर दावा येऊ शकतो. अशा वेळी जाहिरातीचे उत्पन्न दावेदाराकडे वळते किंवा चित्रफीत रोखली जाते. शब्द पूर्णतः स्वतःचे असले तरी त्याने फरक पडत नाही. स्वतंत्र चाल बांधणे हा कलेचा प्रश्न तर आहेच, पण आता तो हक्काचाही झाला आहे.

कायदेशीर संरक्षण

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार रचना निर्माण होताच रचनाकाराकडे हक्क येतो. नोंदणी बंधनकारक नाही, मात्र वादाच्या वेळी ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. हा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कलम ५७ नुसार, हक्क विकला तरी आपण त्या रचनेचे कर्ते आहोत असा दावा करण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. गाण्यावरून नाव पुसले जाणे हा अन्याय मानणारी ही तरतूद फारशा कलावंतांना ठाऊक नसते.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांची बाजू बळकट केली. ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या गीताच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातील समान वाटा रचनाकाराला लिहून देता किंवा सोडून देता येत नाही. हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते. करारात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते धरले जाते. गीतकार व संगीतकारांचे स्वामित्वधन गोळा करण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. त्यासाठी सभासद होऊन आपल्या रचना तेथे नोंदवाव्या लागतात.

हिंगोली जिल्ह्यातील स्थिती

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ११.७७ लाख असून बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. मराठी संगीतव्यवसायाचे प्रमुख केंद्र असलेली मुंबई येथून रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. अशा जिल्ह्यातील गीतकाराला कंपनीच्या दारात जाण्यापेक्षा गावोगावच्या मंचावर उभे राहणे अधिक शक्य असते.

ते मंच कमी नाहीत. औंढा नागनाथची महाशिवरात्रीची यात्रा, नर्सी नामदेव येथील यात्रा आणि हिंगोलीचा जुना दसरा महोत्सव या निमित्तांनी मोठा जनसमुदाय एकत्र येतो. शिवजयंती (१९ फेब्रुवारी), आंबेडकर जयंती (१४ एप्रिल), अण्णा भाऊ साठे जयंती (१ ऑगस्ट) आणि गणेशोत्सव या काळात गाण्यांना विशेष मागणी असते. जयंतीचे गीत जयंतीच्या दिवशी प्रसिद्ध करून उपयोग नसतो. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकावर ते वाजायचे असेल तर काही आठवडे आधीच ते मंडळांच्या हाती पोहोचावे लागते.

जिल्ह्यात मराठवाडी मराठीबरोबरच उर्दू आणि बंजारा समाजाची गोरबोली बोलली जाते. गोरबोलीतील गीताचा श्रोता जिल्ह्याच्या सीमेत मावत नाही. तेलंगणा आणि कर्नाटकातील तांड्यांपर्यंत ते जाऊ शकते. १५ फेब्रुवारीची सेवालाल महाराज जयंती ही अशा गीतांच्या प्रसाराची मोठी संधी असते. प्रमाण मराठीत गाऊन मुंबई-पुण्याच्या गर्दीत हरवण्यापेक्षा बोलीचा मार्ग आरंभी अधिक फलदायी ठरू शकतो.

सार्वजनिक माध्यमांत आकाशवाणीचे स्थान अद्याप महत्त्वाचे आहे. जिल्ह्यालगत परभणी आणि नांदेड येथे तिची केंद्रे आहेत. स्वरचाचणी उत्तीर्ण झालेल्या कलावंतास श्रेणी मिळते आणि त्याला कार्यक्रमासाठी मानधन दिले जाते. उत्पन्न मोठे नसले तरी ही श्रेणी अधिकृत ओळख म्हणून सर्वत्र ग्राह्य धरली जाते. शासनाच्या योजनांच्या प्रचारासाठी लोककला पथकांची निवड सूची तयार केली जाते. त्यातूनही काही गीतकार-गायकांना काम मिळते, मात्र तेथे विषय शासनाचा असतो.

नावाचा पुरावा राखण्याची गरज उतारवयात अधिक तीव्रतेने जाणवते. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजनेत वयाच्या अटीबरोबर कलाक्षेत्रातील किमान १५ वर्षांच्या कार्याची अट आहे. अर्जासोबत कार्यक्रमांची प्रमाणपत्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे, आकाशवाणीची पत्रे असे कागद जोडावे लागतात. आयुष्यभर जत्रेत आणि जयंतीत गायलेल्या, परंतु एकही पत्रक वा पुस्तिका न जपलेल्या कलावंताची येथे मोठी अडचण होते. त्याची गाणी तालुक्यात पाठ असतात, पण ती त्याचीच आहेत असे सांगणारा कागद त्याच्याजवळ नसतो.