पंप आधी थांबायला शिकला

पहिला इन्सुलिन पंप स्वयंचलित होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नॉल्ड कादिश यांनी उभं केलेलं यंत्र रक्तातली साखर स्वतःच मोजायचं. साखर चढली की शिरेत इन्सुलिन सोडायचं, उतरली की साखर वाढवणारं ग्लुकागॉन. फक्त ते पाठीवर बांधायच्या बोचक्याएवढं होतं. पुढे १९७७च्या सुमारास अमेरिकेतल्या माइल्स कंपनीचा ‘बायोस्टेटर’ आला. तो तर कपाटच! पलंगाशेजारी उभा राहून सतत रक्त ओढायचा आणि त्याच्या दिमतीला एक माणूस लागायचा. घरी नेणार कोण?

मग मोजमापाचा नादच सोडला गेला. १९७८ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जॉन पिकप, हॅरी कीन आणि सहकाऱ्यांनी छोट्या पंपातून कातडीखाली संथपणे इन्सुलिन सोडत ठेवलं, जेवणाआधी जास्तीचा डोस. या पंपाला साखरेतलं काही कळत नव्हतं, पण तो अंगावर वागवता येत होता. बदल्यात एक दुखणं गळ्यात पडलं: कातडीखालचं इन्सुलिन रक्तात उतरायला वेळ घेतं. ते दुखणं अजून गेलेलं नाही.

पुढची तीसेक वर्षं पंप असाच अडाणी राहिला. बेसल, म्हणजे सतत जाणारं संथ इन्सुलिन, ठरवायचं माणसाने, बोलसचा, म्हणजे जेवणाच्या जास्तीच्या डोसचा, हिशेब माणसाने, आणि पहाटे तीनला साखर ‘लो’ झाली तर उठायचंही माणसानेच. त्यातून टाइप वन मधुमेहवाल्यांची एक तयारीची पिढी घडली. आपली साखर पहाटे किती वाजता चढू लागते आणि त्याआधी बेसल कितीने वाढवायचं, हे त्यांना तोंडपाठ.

१९९९मध्ये साखर सतत मोजणारे सेन्सर आले, तरी आकडे नंतर दवाखान्यात बघायचे. सेन्सर आणि पंप यांचं खरं जुळलं ते २००९मध्ये, युरोपात. साखर ठरलेल्या पातळीखाली गेली आणि गजराला कुणी दाद दिली नाही, तर ‘व्हिओ’ पंप दोन तासांपर्यंत इन्सुलिन बंद ठेवायचा. अमेरिकेत तशा पंपाला मंजुरी मिळायला २०१३ उजाडलं. आधी थांबणं शिकवलं, हे शहाणपणाचंच. दोन तास इन्सुलिन चुकलं तर साखर चढेल. नको तेव्हा जास्त गेलं तर जीव जाईल.

सिअ‍ॅटलच्या टाइप वन असलेल्या डेना लुईस यांना मात्र दम नव्हता. सेन्सरच्या गजराने झोपेतून जाग येत नाही, एवढ्यावरून सुरू झालेली खटपट जुन्या पंपातल्या सुरक्षेच्या एका फटीतून आत शिरली आणि २०१५मध्ये सेन्सरचे आकडे वाचून पंप चालवणारं ‘ओपन एपीएस’ सर्वांसाठी खुलं झालं. कंपनीने बनवलेला ‘६७०जी’ पंप २०१६मध्ये मंजूर झाला. तो इन्सुलिन कमी करायचा तसं वाढवायचाही, साखरेचं लक्ष्य १२०.

आणि जुने जाणते वैतागले. १०० वर साखर ठेवणाऱ्याला १२० कशी चालेल? काहींनी न खाल्लेले कार्ब (कर्बोदकं) पंपात भरून पंपाकडून जादा इन्सुलिन उकळलं. वरून सतत गजर आणि बोटं टोचणं. स्टॅनफर्डच्या एका पाहणीत तर वर्षाच्या आत साधारण तीनातल्या एकाने ऑटो मोड, म्हणजे पंपाने स्वतः इन्सुलिन ठरवणं, सोडून दिला. मला यात हट्टापेक्षा हिशेब जास्त दिसतो: हातातलं कसब ठेवून द्यायचं, तर समोरचा निदान तेवढ्या तोडीचा हवा.

२०१९ अखेरच्या ‘कंट्रोल-आयक्यू’ प्रणालीपासून पंप तोडीचा होऊ लागला. आता बदलायच्या त्या जुन्या सवयी. ‘लो’ झालं की पंधरा ग्रॅम साखर, हा पाठ झालेला नियम. पण पंपाने इन्सुलिन आधीच कमी केलेलं असतं, म्हणून बऱ्याचदा पाच-दहा ग्रॅम पुरतात, नाहीतर तासाभरात साखर आभाळात. जेवणाचा बोलस मात्र अजून माणसानेच द्यायचा, तोही घास घेण्याआधी. लग्नाच्या पंगतीत वाढपी कधी पोचणार, हे कुणाला ठाऊक! जेवून अर्ध्या तासाने बटण दाबलं, तर तोवर चढती साखर पाहून पंपाने आपणहून इन्सुलिन सोडलेलं असतं, आणि वर पूर्ण बोलस पडला की दोन तासांनी साखर उतरून घाम फुटतो. म्हणून उशीर झालाच तर सरावलेले लोक निम्म्या बोलसवर भागवतात.