लोकमान्यांचे चालतेबोलते स्मारक : पार्ले टिळक विद्यालय

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. विलेपार्ले हे तेव्हा मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचे छोटे उपनगर होते. तेथील नागरिकांनी लोकमान्यांचे स्मारक म्हणून १९२१ साली शाळा काढली. तीच पार्ले टिळक विद्यालय होय. स्वतः टिळकांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांसमवेत १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल स्थापून लोककार्यास प्रारंभ केला होता. त्यामुळे हे स्मारक सर्वार्थाने उचित ठरले.

१९२३ साली पार्ल्यातच लोकमान्य सेवा संघाची स्थापना झाली. शाळा आणि संघ यांच्या आधारे या वस्तीचे सांस्कृतिक जीवन आकारास आले. महाराष्ट्राचे लाडके साहित्यिक पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. १९५० साली पार्ले बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. परंतु त्यापूर्वी सुमारे तीन दशके पार्लेकरांची शाळा उभी होती. पुढे १९५९ साली पार्ले महाविद्यालय, म्हणजे आजचे साठ्ये महाविद्यालय, आणि १९६० साली डहाणूकर वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. शाळेत पेरलेल्या बीजाचा असा विस्तार झाला.

२०२१ साली विद्यालयाने शतक पूर्ण केले. मुंबईतील मराठी माध्यमाच्या शाळांना आज विद्यार्थी मिळेनासे झाले आहेत, त्याच संस्थेच्या छत्राखाली इंग्रजी माध्यमाची शाळाही चालते. पहिल्या पिढीने शाळा उभारली. ती मराठीतून चालती ठेवणे मात्र प्रत्येक पिढीतील पालकांच्याच हाती आहे. वर्गात मुले असतील तोवरच हे स्मारक बोलत राहील.