दम्याचं औषध आधी गिनीपिगवर का तपासतात?

नृसिंहवाडीत कृष्णा-पंचगंगेचा पूर ओसरला, तरी घरांच्या भिंतींतली ओल लवकर जात नाही. बुरशी धरते. अशा हवेत दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि हवेची वाट अरुंद होते. इन्हेलरमधल्या साल्ब्युटामॉलने काही मिनिटांत मोकळं वाटतं. अशी औषधं माणसाला देण्याआधी प्राण्यांवर तपासली जातात.

चाचणी कशी होते?

गिनीपिगच्या श्वासनलिकेचे स्नायू हिस्टामिनमुळे माणसासारखेच आवळतात. हिस्टामिनचा फवारा दिला की त्याला धाप लागते. आधी औषध दिल्यास धाप किती उशिरा लागते, हे मोजतात. दुसऱ्या पद्धतीत अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या ओव्हाल्ब्युमिन या प्रथिनाची ॲलर्जी प्राण्यात तयार करतात आणि नंतर तेच प्रथिन श्वासावाटे देतात. यासाठी उंदीरही वापरतात, पण उंदरांना माणसासारखा दमा आपोआप होत नाही.

निकाल माणसाला लागू होतो का?

आवळलेले स्नायू सैल करणाऱ्या औषधांबाबत बऱ्याचदा होतो. पण दमा हा वर्षानुवर्षं चालणारा आजार आहे. काही आठवड्यांत प्राण्यात घडवलेली ॲलर्जी म्हणजे तो आजार नव्हे.

मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने दमा आणि सीओपीडीसाठी ओग्लेमिलास्ट हे औषध शोधलं. प्रयोगशाळेचे टप्पे पार करून ते माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं, पण २००९ मध्ये सीओपीडी रुग्णांच्या चाचणीत अपेक्षित परिणाम दिसला नाही.

उलटंही घडलं आहे. ब्रिटनमधले डॉ. रॉजर अल्टुनयान स्वतः दमेकरी होते. १९६०च्या दशकात त्यांनी स्वतःला ॲलर्जीचा झटका आणून एकेक रसायन स्वतःवरच तपासलं. त्यातून क्रोमोग्लिकेट हे औषध मिळालं.

आता काय बदलतंय?

भारताने २०२३ मध्ये नियम बदलून मानवी पेशींवरच्या आणि संगणकाधारित चाचण्यांनाही औषध-तपासणीत जागा दिली.

म्हणून ‘दम्यावर रामबाण औषध सापडलं’ असा मेसेज आला, तर एक गोष्ट आधी पाहा: प्रयोग उंदरावर झाला की माणसावर? आणि त्या भरवशावर डॉक्टरांना न विचारता स्वतःचा इन्हेलर बंद करू नका.