रिठा-शिकेकाईचे उकळलेले पाणी

१२. ‘रिठे-शिकेकाई उकळून’ : रिठ्याच्या सालीत आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन हे नैसर्गिक फेसकारी द्रव्य असते. त्याच्या रेणूचा एक भाग तेलाला धरतो, तर दुसरा, म्हणजे साखरेची साखळी, पाण्याला. मळ निघतो तो या दुहेरी ओढीमुळेच. जुन्नरचा नाणेघाट किंवा भीमाशंकर यांच्याइतक्या उंचीवर पाणी सुमारे ९७ अंश सेल्सियसलाच उकळते. एवढ्या आचेवर, साध्या पाण्यात थोडा वेळ उकळल्याने सॅपोनिन मोडत नाही; उलट सालीतून भराभर पाण्यात उतरते. आंबट पाण्यात मात्र फार वेळ उकळत ठेवले, तर साखरेची साखळी तुटते, उरलेला भाग पाण्यात विरघळत नाही आणि फेस बसतो. आजच्या शाम्पूतले सोडियम लॉरिल सल्फेटही तापलेल्या आम्लात असेच फुटते. म्हणून रिठे रात्री भिजवावेत, सकाळी एक-दोन उकळ्या येताच उतरवावेत, कोमट झाल्यावर कुस्करून गाळावेत. गाळलेले पाणी टिकत नाही, लवकर आंबते. ते त्याच दिवशी वापरावे. (संपा.)