वीज गेली, किल्ली राहिली
अंबरनाथच्या शिवमंदिरातील झिजलेल्या लेखाचा शक आधी ७८२ वाचला गेला, नंतर ९८२. पुसट अक्षरे उकलण्याची मला सवय. पण संगणकाच्या रॅममध्येही तसेच काही उरते, हे उशिरा कळले. लोकांनी विश्वासाने दिलेली जमिनीची कागदपत्रे स्कॅन करून मी ट्रूक्रिप्टच्या कुलूपबंद कप्प्यात ठेवी आणि लॅपटॉप नुसता मिटून मंदिरात जाई.

फेब्रुवारी २००८मध्ये हॅल्डरमन, फेल्टन आदी संशोधकांनी प्रिन्स्टन विद्यापीठातून दाखवून दिले, की कप्पा उघडा असताना त्याची किल्ली रॅममध्येच असते आणि वीज तोडल्यावरही काही सेकंद, क्वचित मिनिटे टिकते. धूळ उडवायचा डबा उलटा धरून चिप उणे ५० अंशांपर्यंत गारठवली, तर दहा मिनिटांनीही एक टक्का बिट पुसले जात नाहीत. जे पुसले जातात तेही किल्लीच्या विस्तारातील पुनरुक्तीवरून भरून काढता येतात. आम्ही लेखातली गळलेली अक्षरे भरतो तसेच! बिटलॉकर, फाइलव्हॉल्ट, ट्रूक्रिप्ट सारेच हरले. गणित कुठेच चुकले नव्हते.

आता मी कप्पा मिटवून यंत्र पूर्ण बंद करतो. कागद देणाऱ्या घरांना हे सांगून आलो. एका आजींनी विचारले, "मग इतके दिवस काय होतं, दादा?"