हाजिच, होजिच आणि आजिच

बोस्निया-सर्बियाच्या बातम्यांत दोन आडनावं नेहमी दिसतात, हाजिच आणि होजिच. पाहणाऱ्याला एक दुसऱ्याची टंकनचूक वाटावी. देवनागरीतही फरक एका मात्रेचाच. पण ही दोन स्वतंत्र आडनावं आहेत आणि दोन्हींचं मूळ आपल्या घरातलं आहे. शेवटचा 'इच' म्हणजे अमक्याचा वंशज. तो बाजूला केला की उरतात हाजी आणि होजा. होजा म्हणजे आपला ख्वाजा.

अरबी लिपीत हे दोन शब्द एकमेकांत मिसळणं अवघड. हाजी लिहायचा बडी हेने, ख्वाजा खेने. अक्षरांचा आकार एकच, पण खेच्या डोक्यावर नुक्ता. तुर्की जिभेवर मात्र 'ह' आणि 'ख़' एक झाले, नुक्ता गेला आणि भेद सांगायला उरला फक्त स्वर. तो 'ओ' आला ख्वाजातल्या वावमधून. आजच्या फारसीत हा वाव लिहितात पण उच्चारत नाहीत. उर्दू व्याकरणात तो वाव-ए-मादूला, आणि शुद्धलेखनात मुलं हमखास गाळतात तोही हाच. तुर्कीत त्याचा 'ओ' झाला. मुंबईच्या खोजा समाजाच्या नावातला 'ओ'सुद्धा त्याच घरचा.

होजा म्हणजे बोस्नियात मशिदीचा इमाम, मुलांना दीन शिकवणारा. त्यामुळे होजिच म्हटलं की घर मुसलमानाचं. हाजिचचं तसं नाही. उस्मानी काळात जेरुसलेमची यात्रा करून आलेल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसालाही 'हाजी' म्हणत. म्हणून हाजिच मुसलमानही असतो आणि सर्बही.

योवान हाजिच हे असेच एक सर्ब. 1826 मध्ये स्थापन झालेल्या 'मातित्सा सर्पस्का' या साहित्यसंस्थेचे पहिले अध्यक्ष. वूक काराजिच यांनी बोलीप्रमाणे लिहिण्याचा आग्रह धरला तेव्हा त्यांना कडाडून विरोध करणारे हेच. 1847 मध्ये ज्युरो डानिचिच या तरुणाने वूकच्या बाजूने आणि हाजिचांच्या विरोधात पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच 'शुद्धलेखनासाठी युद्ध' होतं. गंमत पुढेच आहे. वूकने 1818 च्या आपल्या शब्दकोशात 'ह' हे अक्षरच ठेवलं नव्हतं, कारण बहुतेक सर्ब ते उच्चारतच नसत. 1836 मध्ये त्याने ते परत घेतलं. त्या जुन्या उच्चाराची खूण आडनावांत राहिली. सर्बांमध्ये आजिच हे आडनाव आहे. परक्याला वाटेल 'ह' टंकायचा राहिला, पण ते हाजिचचंच बिन-हचं रूप आहे.

बोस्नियाच्या मुसलमानांनी 'ह' सोडला नाही. कुराणपठणामुळे तो जिभेवर टिकला असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात, आणि मला ते पटतं. सर्ब 'काफा' पितो, बोस्नियाक 'काह्वा'. युद्धानंतर 1996 मध्ये बोस्नियन शुद्धलेखनाचं पुस्तक आलं, त्यात या 'ह'ला मानाने जागा मिळाली.

मध्ये जे युद्ध झालं त्यात माणसं दिसायला सारखी होती, बोलायलाही जवळपास सारखी. ओळख पटायची ती नावावरून. तिथे मात्रेला शुद्धलेखनापलीकडची किंमत होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या 161 आरोपींपैकी सर्वांत शेवटी, जुलै 2011 मध्ये, पकडला गेला तो गोरान हाजिच. नावात हाजी, पण माणूस क्रोएशियातल्या सर्बांचा नेता. निकाल लागण्याआधी 2016 मध्ये तो मेला.

होजिच आडनाव स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीत वाचायला मिळतं. तिथल्या स्मारकावर 8372 हा आकडा कोरला आहे आणि त्यापुढे टिंबं आहेत, कारण मोजणी संपलेली नाही. सामूहिक कबरींतून निघालेल्या हाडांची डीएनएवरून ओळख पटली की दर 11 जुलैला नवे दफन होतात. कबरीच्या दगडाला तिथे 'निशान' म्हणतात, शब्द फारसीच. त्यावर 'झ'ची टोपी आणि 'च'ची तिरपी रेघ जिथल्या तिथे कोरलेली असते. इंग्रजी बातम्यांत मात्र ती अजूनही गळते.