ओकच्या सावलीतली बिऱ्हाडे

दसऱ्याला आपट्याचे पान हातावर ठेवताना, या पानाला सोने का म्हणायचे, हा प्रश्न लहानपणी प्रत्येकाला पडतो. मग घरातली आजी रघुराजाची आणि कौत्साची गोष्ट सांगते. कुबेराने झाडावर सुवर्णमोहरांचा पाऊस पाडला. कौत्साने गुरुदक्षिणेपुरत्या चौदा कोटी मोहरा मोजून घेतल्या आणि उरलेल्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुढे वीस दिवसांनी लक्ष्मीपूजनाला आपण खरे सोने पाटावर मांडतो, आणि मोजून घेणाऱ्या कौत्साला बहुधा विसरतो! पान हे सोने की सोने हे सोने, हा वाद आपल्याकडे गोष्टीतच मिटला. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला मात्र एका नदीकाठी तो खरोखरच घडला. त्याचीच ही हकीकत.

कॅलिफोर्नियाच्या पूर्व अंगाला सिएरा नेवाडा नावाची बर्फाच्छादित पर्वतरांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. तिच्या पश्चिम पायथ्याच्या टेकड्या ओक वृक्षांनी भरलेल्या आहेत. ओक म्हटले की आपल्याला पुण्यातली एखादी ओक मंडळी आठवतील. पण हा ओक वेगळा. हिमालयात कुमाऊंकडे ज्याला बांज म्हणतात, त्याच्याच गोत्रातला. या टेकड्यांतला निळसर पानांचा 'ब्लू ओक' तर कॅलिफोर्नियाबाहेर कोठे रानात उगवतच नाही. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळ्यात गवत वाळून पिवळेधमक होते. त्या पिवळ्या उतारावर एकेक ओक आपली सावली धरून उभा असतो आणि खाली अमेरिकन, युबा, मोकेलम्नी अशा नद्या दगडांतून खळाळत असतात.

आज या नद्यांवर धरणे आहेत, धरणांमागे सरोवरे आहेत आणि सरोवरांच्या काठी सुटीच्या दिवसांत तंबूंची गावे वसतात. माणसे शुक्रवारी संध्याकाळी मोटारीतून येतात, ओकखाली राहुटी ठोकतात, शेकोटी पेटवतात आणि रविवारी बिऱ्हाड गुंडाळून परत जातात. आपल्याकडून तिकडे नोकरीस गेलेली मराठी कुटुंबेही त्यांत असतात; शेकोटीवर पाश्चात्य पदार्थांबरोबर एखादे थालीपीठही भाजले जाते. मुले झाडाखाली पडलेली टोपीवाली गुळगुळीत फळे खिशात भरतात. इंग्रजीत त्यांना 'एकॉर्न' म्हणतात. खेळून झाले की ती फेकून देतात.

त्या फळांपासूनच हा इतिहास सुरू होतो.

या टेकड्यांतली पहिली बिऱ्हाडे निसेनान आणि मिवोक लोकांची. हजारो वर्षे ते येथे राहत आले. उन्हाळ्यात उंच डोंगराकडे सरकायचे, हिवाळ्यात बर्फाखालच्या ऊबदार टेकड्यांत उतरायचे, असा त्यांचा परिपाठ. शेती ते करीत नसत, कारण त्यांचे शेत झाडावरच पिकत होते. ज्या दिवसांत आपल्याकडे दसरा-दिवाळी येते, त्याच सुमारास ओकची फळे पिकून गळू लागतात. सारे कुटुंब ती गोळा करी, वाळवी आणि काटक्यांनी विणलेल्या उंच कणगीत भरून ठेवी. कणगी भरली की पुढल्या वर्षाची चिंता मिटली. ही त्यांची लक्ष्मी.

पण ही लक्ष्मी सहज प्रसन्न होणारी नव्हे. ओकचे फळ आपल्या हिरड्यासारखे तुरट असते. तसेच खाल्ले तर तोंड आवळते. बायका नदीकाठच्या सपाट कातळावर बसून ती फळे दगडी मुसळाने कुटीत. वर्षानुवर्षे कुटून कातळातच उखळे पडत. मग वाळूत उथळ आळे करून त्यात पीठ पसरायचे आणि तुरटपणा निघून जाईपर्यंत वरून पाणी ओतत राहायचे. शिजवण्याची तऱ्हा तर आणखी नवलाची. पाणी गळणार नाही इतक्या घट्ट विणीच्या टोपलीत पीठ आणि पाणी घालून त्यात तापलेले दगड सोडायचे. दगड ढवळीत राहिले की टोपली न जळता घाटा शिजे. अमाडोर परगण्यात 'चॉसे' नावाचा एक कातळ आज सरकारी उद्यानात जपून ठेवला आहे. त्यावर अशी 1,185 उखळे मोजली आहेत. एका कातळावर किती पिढ्यांच्या बायका गप्पा मारीत बसल्या असतील, याचा हिशेब मात्र कोणी करावा?

दुसरी बिऱ्हाडे आली ती 1848 साली. अमेरिकन नदीच्या दक्षिण शाखेवर निसेनानांचे एक गाव होते. त्याच्याच नावावरून त्या जागेला कोलोमा म्हणतात. तेथे जॉन सटर नावाच्या जमीनदारासाठी जेम्स मार्शल हा सुतार लाकूड कापण्याची पाणगिरणी उभारीत होता. 24 जानेवारी 1848 रोजी गिरणीच्या पाटात त्याला पिवळे कण चमकताना दिसले. सोने! पुढे नऊच दिवसांनी, 2 फेब्रुवारीस, मेक्सिकोने तहात हा सारा प्रांत अमेरिकेच्या हवाली केला. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही आपण काय देतो-घेतो याची वार्ता नव्हती.

मे महिन्यात सॅम ब्रॅनन नावाच्या व्यापाऱ्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यातून सोन्याची बाटली नाचवीत आरोळी ठोकली. त्याआधी त्याने आपल्या दुकानात फावडी आणि पराती भरून ठेवल्या होत्या, हे सांगायला नकोच. 1849 साली जगभरातून लोंढे निघाले आणि 1855 पर्यंत सुमारे 3 लाख माणसे कॅलिफोर्नियात येऊन पोहोचली. ओकखाली तंबू पडले. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोन्याचा कण शोधणारे झारेकरी आपण पाहिले-ऐकले आहेत. येथे वकील, शेतकरी, खलाशी, सारेच झारेकरी झाले. 1848 साली एक माणूस दिवसाला सरासरी 20 डॉलरचे सोने काढी; पाच-सहा वर्षांत ती कमाई 5 डॉलरवर आली. फावडी विकणारे मात्र श्रीमंत झाले. खुद्द सटरची जमीन आगंतुकांनी बळकावली आणि तो 1880 साली भरपाईची वाट पाहतच मेला. मार्शलही 1885 साली दारिद्र्यात गेला.

पण या दोघांच्या दुःखापेक्षा मोठे दुःख कणगीवाल्यांचे. 1848 च्या उन्हाळ्यात कर्नल मेसन या लष्करी गव्हर्नराने खाणींची पाहणी केली, तेव्हा सुमारे 4,000 माणसे काम करीत होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक तेथलीच मूळची होती. पुढल्या वर्षापासून त्यांना हुसकणे सुरू झाले. ओक सरपणाला तुटले, डुकरे आणि गुरे फळे फस्त करू लागली, गाळाने नदीतले सामन मासे संपले. उपाशी माणसाने एखादे गुरू मारले की सूड म्हणून सगळी वस्ती कापून काढली जाई. 1850 साली राज्याने या लोकांच्या 'संरक्षणा'चा म्हणून कायदा केला. नाव संरक्षणाचे; पण त्या कायद्याने त्यांची मुले गोऱ्यांच्या घरी राबवून घेण्याची वाट मोकळी केली! 1851 च्या जानेवारीत गव्हर्नर बर्नेट यांनी, ही जमात नष्ट होईपर्यंत युद्ध चालेलच, असे विधिमंडळाला बजावले. त्यानंतर केलेले 18 करार सिनेटने 1852 साली फेटाळले आणि ते कागद 1905 पर्यंत गुप्त राहिले. 1848 साली कॅलिफोर्नियात सुमारे दीड लाख मूळ रहिवासी असावेत. 1870 पर्यंत ते 30 हजारांच्या आसपास उरले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. रोगराई, उपासमार आणि बंदूक, तिन्हींनी मिळून हे काम केले.

नदीचेही हाल कमी झाले नाहीत. वरवरचे सोने संपल्यावर 1853 पासून डोंगरावर पाण्याचे प्रचंड फवारे मारून ते ढासळवण्याची युक्ती निघाली. सारा चिखल युबा नदीत उतरला; पात्र इतके वर आले की मेरीसव्हिल गावाला बांधांआड दडून बसावे लागले. शेतकऱ्यांनी फिर्याद केली आणि 7 जानेवारी 1884 रोजी न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांनी नद्यांत हा राडा सोडण्यास मनाई केली. तरी सोने पकडण्यासाठी वापरलेला पारा गाळातच राहिला. आज काठावर तंबू ठोकून मासे धरणाऱ्याला, कोणता मासा किती खावा याचा इशारा आरोग्यखाते देते. खाणवाला गेला, पण त्याचा पारा पाहुण्याच्या ताटापर्यंत पोहोचला.

तिसरे बिऱ्हाड पाण्याचे. 1955-56 च्या सुमारास अमेरिकन नदीवर फॉल्समचे धरण पुरे झाले आणि मॉर्मन आयलंड ही सोनेवाल्यांची जुनी वस्ती सरोवराखाली गेली. तेथली थडगी आधीच काढून दुसरीकडे नेली होती. 2014 च्या आगेमागे मोठे अवर्षण पडले, पाणी खूप खाली गेले आणि बुडालेल्या गावाचे दगडी पाये उघडे पडले. माणसे लांबलांबून पाहायला आली. सोने उपसायला आलेल्या गावाची निशाणी काय, तर भिंतींचे तळ, खिळे आणि काचा.

18 जून 2019 रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी राज्याच्या वतीने मूळ रहिवाशांची माफी मागितली आणि जे झाले त्याला वंशसंहार हाच शब्द वापरला. माफीने कणगी भरत नाही, हे खरे. पण तो शब्द निदान उच्चारला गेला. आणि निसेनान, मिवोक हे लोकही काही संपलेले नाहीत. त्यांच्या बायका अजून फळे वेचतात, कुटतात, वाळूत पीठ धुतात आणि मुलींना ते शिकवतात. चॉसेच्या कातळाजवळ सप्टेंबरात त्यांचा मेळावा भरतो.

आपल्यापैकी कोणाची लेक-सून तिकडे असेल आणि दिवाळीच्या सुटीत तिचा मुक्काम त्या सरोवरांकाठी पडला, तर तिला एवढेच कळवावे: मुलांच्या खिशातली ती फळे फेकण्याआधी एकदा त्यांना सांग की या अंगणातली लक्ष्मी हीच होती. ती मोजून घेणारेही येथे होते. आणि पायाखाली तुडवून पिवळ्या कणांमागे धावणारेही येथे आले. कौत्साची गोष्ट तेथल्या शेकोटीपाशी सांगायला काहीच हरकत नाही. मुलांना ती आपल्या अंगणातल्यापेक्षा तेथे अधिक लवकर समजेल.